वर्षभराचा धागा: ज्या त्या ऋतूत जमेल तेवढं (नाशिककरांनो, इकडे या)

गोदाकाठची | २ एप्रिल, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

झालं काय, पाडव्याच्या साफसफाईत किचनमधलं वरचं कपाट उपसलं. त्यातून निघाले चार बांबूचे टूथब्रश (एकही वापरलेला नाही), स्टीलच्या स्ट्रॉचा सेट, तीन 'इको' बाटल्या, काथ्याच्या घासण्या आणि कापडी पिशव्या मोजल्या तर एकतीस. एकतीस! नवरा म्हणाला, तू प्लास्टिक कमी करायच्या नादात दुकान टाकलंयस. झोंबलं, कारण खरं होतं.

तर यंदा ठरवलंय की पर्यावरणासाठी म्हणून नवीन काहीही विकत घ्यायचं नाही. जो ऋतू येईल त्यात जे होईल ते करायचं आणि इथे येऊन लिहायचं, फसलं तर ते पण लिहायचं. तुम्ही पण लिहा.

पहिला नंबर पाण्याचा. फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यांनी बसवला म्हणून आम्ही पण आरओ बसवला होता. मागच्या आठवड्यात सहज त्याच्या वेस्टच्या नळीखाली बादली लावली, तर एक लिटर प्यायचं पाणी भरेस्तोवर तीन लिटरच्या आसपास पाणी बेसिनमध्ये चाललंय. भाच्याकडून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन आणलं, आमच्या नळाचं पाणी शंभर-सव्वाशे दाखवतंय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओची गरज नाही. म्हणजे गंगापूर धरणाचं मुळातच मऊ पाणी अजून मऊ करायला मी भर उन्हाळ्यात तिप्पट पाणी गटारात सोडत होते, आणि वर झाडांना पाणी कमी घाला म्हणून मुलाला ओरडत होते.

आरओ बंद केला. पाणी उकळून, गाळून माठात. आठ दिवस झाले, अजून कोणाचं पोट बिघडलेलं नाही.

शंकेखोर | २ एप्रिल, दुपारी १:१५

टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं कोणी वाचून जाऊ नये म्हणून लिहितो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतू त्या पेनात दिसत नाहीत. उकळताय ते बरोबर आहे, पण रोज गॅस जाळताय त्याचं काय? साधा यूव्हीचा फिल्टर चालला असता, त्यात पाणी वाया जात नाही.

गोदाकाठची | २ एप्रिल, दुपारी १:४०

यूव्ही म्हणजे परत नवीन विकत घेणं आलं ना दादा, वरचा नियम वाचा 😄 गॅसचा मुद्दा मान्य.

सातपूर_शिफ्ट | २ एप्रिल, रात्री ११:५०

सेकंड शिफ्टवरून आलो, धागा आवडला. आमच्या बिल्डिंगला निम्मं पाणी बोअरचं आहे, पेन लावलं तर सातशेच्या वर जातं, त्यामुळे आरओ काढू शकत नाही. पण वेस्टची नळी पिंपात सोडलीय, ते पाणी लादीला आणि संडासाला वापरतो. झाडांना घालू नका, क्षार जास्त असतात, माझी तुळस गेली त्यात.

निफाडकर | ४ एप्रिल, पहाटे ५:३०

राम राम मंडळी. ताई तुम्ही पाण्यावर लिहिलं, मी कांद्यावर लिहितो, कारण आत्ता सीझन आहे आणि शहरातल्या लोकांना हे कोणी सांगत नाही.

आत्ता जो निघतोय तो उन्हाळ कांदा. हा टिकतो. पात वाळवून, मान पिळून नीट सुकवलेला असला तर कांदाचाळीत चार-पाच महिने आरामात राहतो. पावसाळ्यानंतर येतो तो लाल कांदा, त्यात पाणी जास्त, तो साठवायचाच नसतो, आणला की खायचा. तुम्ही वर्षभर दर आठवड्याला दोन-दोन किलो पिशवीतून आणता आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात भाव वाढला की आमच्या नावानं ओरडता. त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक-दोन गोण्या घ्या, गॅलरीत वारा लागेल अशा जागी पसरा. बटाट्याजवळ ठेवू नका. दर पंधरा दिवसांनी वरखाली करा, सडका निघाला तर लगेच बाजूला काढा, नाहीतर शेजारच्याला घेऊन जातो.

माझं प्रामाणिक मत सांगू का, राग मानू नका. तुमचा तो बांबूचा ब्रश आणि कापडी पिशवी ठीक आहे. पण लासलगावला भाव पडतो आणि माणूस वैतागून ट्रॉली रस्त्यात ओतून घरी जातो, तेव्हा त्या कांद्यामागचं पाणी, वीज, खत, बाईमाणसाची रोजंदारी सगळंच रस्त्यात ओतलेलं असतं. त्याच्याइतकी नासाडी तुमच्या कुठल्याच पिशवीत बसत नाही.

मेथीचीजुडी | ४ एप्रिल, सकाळी ९:२०

+१ निफाडकर दादा. आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी तीन घरांनी मिळून गोण्या घेतल्या होत्या. ऑगस्टपर्यंत गेल्या. फक्त एका काकूंनी हौसेने बाथरूमच्या माळ्यावर ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे कोंब आले आणि वासाने शेजारचे भांडायला आले.

अण्णा_पंचवटी | ४ एप्रिल, सायंकाळी ६:०५

आमच्या आईच्या वेळी यातलं काहीही 'करायचं' म्हणून कोणी करत नव्हतं. कुरडया, पापड, सांडगे गच्चीवर वाळत, कांद्याची वेणी बांधून आढ्याला टांगत, राखेने भांडी. मग आम्हीच सुधारलो, आणि आता सुनेला यूट्यूबवरून राखेने भांडी घासायला शिकावं लागतं. चालू द्या.

गोदाकाठची | १९ मे, दुपारी ३:१०

धागा वर काढतेय. दोन गोण्या घेतल्या (निफाडकर दादांच्या गावाकडूनच), गॅलरी अर्धी कांद्यांनी भरलीय, सासूबाई खूश आहेत, दुसऱ्या कशावरच नाहीत पण यावर आहेत.

आंब्याचं विचारायचं होतं. मागच्या आठवड्यात पेटी आणली, बाहेरून पिवळाधमक, आत आंबट आणि कोयीपाशी पांढरा. कार्बाइड असणार का?

अण्णा_पंचवटी | १९ मे, दुपारी ४:३०

दिसण्यावरून शपथेवर सांगता येत नाही, पण साल एकसारखी पिवळी, वास नाही आणि आत कच्चा, म्हणजे घाईने पिकवलेला. कार्बाइडवर बंदी आहे. त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि सोबत आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन गॅसच्या चेंबरमध्ये पिकवतात ते वेगळं, त्याला परवानगी आहे. दोन्ही एकच समजून घाबरू नका.

सोपा उपाय, कच्चा आंबा आणा आणि घरी अढी लावा. भाताचा पेंढा नाही मिळाला तर वर्तमानपत्र, खोक्यात एकेक थर, पलंगाखाली. रोज एकदा हात घालून बघायचं, मऊ झालेला आधी काढायचा. आमच्याकडे हे काम लहान मुलांचं असे आणि निम्मे आंबे तपासतानाच संपत.

गंपू_नाशिकरोड | २६ मे, रात्री १०:४५

शनिवारी भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचा प्लॅन आहे, ऑफिसची दोन गाड्या भरून मंडळी. पर्यावरणप्रेमी धाग्यावर विचारतो, कुठला स्पॉट चांगला?

सुरगाणा_डायरी | २७ मे, सकाळी ७:१५

जाऊ नका म्हणलं तरी जाणार, म्हणून सांगतो कसं जायचं ते. काजवे चमकतात ते एकमेकांना हाक मारायला, जोडीदार शोधायला. मे अखेर ते पावसाचा जोर वाढेपर्यंत एवढेच दिवस असतात. तिथे दोनशे गाड्यांच्या हेडलाइट लागल्या, मोबाईलचे फ्लॅश उडाले की त्यांची हाकच ऐकू जात नाही असं समजा. शिवाय अळ्या जमिनीवर, पाल्यापाचोळ्यात असतात, झाडाखाली फोटोला उभं राहिलं की पायाखाली जातात. गाडी गावात लावा, टॉर्चला लाल कागद लावा, पायवाट सोडू नका, गाणी नकोत. आणि राहायचं तर गावातल्या घरात राहा, जेवण त्यांच्याकडचं घ्या, चुलीवरची भाकरी मिळते आणि पैसे गावात राहतात.

शनिवारी जाऊच नका खरं तर. मंगळवारी जा.

गंपू_नाशिकरोड | २७ मे, सकाळी ११:००

मंगळवारी सुट्टी नाही हो 😅 पण लाल कागद नोट केला.

मेथीचीजुडी | १२ जून, दुपारी १२:३०

वटपौर्णिमेचं थोडक्यात. आमच्याकडे दरवर्षी गेटवर दहा-दहा रुपयांना फांद्या येतात. ज्या गावात वडांच्या नावाने अख्खी पंचवटी आहे तिथे बायका तोडलेल्या फांदीला दोरा गुंडाळतात! यावर्षी आम्ही सहाजणी रिक्षा करून खऱ्या वडापाशी गेलो. दोरा सुती घेतला आणि संध्याकाळी जाऊन सोडवून आणला, कारण तो खोडाला आवळून राहतो. रिक्षाचे पैसे फांदीपेक्षा जास्त झाले पण वडापाव पण झाला.

गोदाकाठची | २९ जून, सकाळी १०:२०

पाऊस लागला. पेठ रोडला सकाळी रानभाज्या घेऊन बायका बसतायत. मी काल शेवळं आणली हौसेने, भाजी केली आणि अख्ख्या घराचा घसा खाजला. रात्री साडेनऊ वाजता चौघं जण गूळ खात बसलो होतो. चुकलं कुठे?

सुरगाणा_डायरी | २९ जून, दुपारी २:००

हा हा, ताई, ज्या मावशीकडून घेतली तिला विचारायला हवं होतं, ती सोबत काकडं (आंबट रानफळं) पण देते. शेवळात खाज असतेच, आंबट घातल्याशिवाय ती जात नाही. काकडं नाही मिळाली तर चिंच भरपूर, आणि नीट शिजवायची. शेवळाच्या आतला पिवळसर दांडा काढून टाकतात.

जरा लांबण लावतो, विषय माझ्या जवळचा आहे. मी सुरगाण्याच्या बाजूला शाळेवर आहे. शेवळं पहिल्या पावसात थोडेच दिवस. मग फोडशी (इकडे कुळी पण म्हणतात), टाकळा, कुर्डू, भारंगी, मग श्रावणाच्या आसपास करटुली. प्रत्येकीचा तोडायचा नियम वेगळा आहे. फोडशीची पात वरून कापायची, कंद जमिनीत ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी परत येते. टाकळा फुलायच्या आत कोवळा खुडायचा. करटुलीचे नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात, फळ मादीलाच धरतं, म्हणून फळ न धरणारा वेल कोणी उपटत नाही, तो नसला तर दुसरीला पण फळ नाही. हे आमच्या शाळेतल्या चौथीच्या पोरींना पाठ आहे.

आता शहरात मागणी वाढली, महोत्सव होतात, चांगलंच आहे, चार पैसे मिळतात. पण घाऊक घेणारे आले की घाईघाईने मुळासकट उपटलेला माल येतो. ओळखायचा कसा, जुडीच्या बुडाला माती लागलेले कंद लोंबत असतील तर घेऊ नका आणि का घेत नाही ते मावशीला नीट बोलून सांगा. आणि कृपा करून घासाघीस करू नका. ती पहाटे चारला जीपमध्ये बसते, जायचं-यायचं भाडंच तिच्या तीन-चार जुड्या खाऊन टाकतं. मॉलमध्ये किनोआला कोणी 'दहाला दे' म्हणत नाही.

शंकेखोर | २९ जून, सायंकाळी ७:४०

आयुष्यात पहिल्यांदा या धाग्यावरच्या पोस्टला काही शंका नाही. शेवटच्या वाक्याला दंडवत.

गोदाकाठची | ८ ऑगस्ट, रात्री ९:००

फसलेलं लिहायचं ठरलं होतं म्हणून लिहितेय. पावसाळ्यात कंपोस्टने दगा दिला. एप्रिलपासून छान चाललं होतं, ओला कचरा ड्रममध्ये, वर वाळका पाला. जुलैत पाला मिळेना, होता तो भिजलेला, आणि मी नुसतीच सालं टाकत गेले. परवा झाकण उघडलं तर काळा चिखल, नाल्यासारखा वास आणि पांढऱ्या अळ्या वळवळतायत. कामवाल्या ताईंनी मला सरळ सांगितलं, वहिनी हे तुम्हीच काढा. बरोबरच आहे त्यांचं, माझी हौस त्यांनी का निस्तरावी.

सातपूर_शिफ्ट | ८ ऑगस्ट, रात्री ११:४५

अळ्यांना घाबरू नका, त्या कचराच खातात, बऱ्याचदा काळ्या माशीच्या असतात, त्या मोठ्या झाल्या की आपोआप निघून जातात. वास येतो म्हणजे हवा जात नाहीये. ड्रमला खाली आणि बाजूला भोकं पाडा, सगळं उलथं करा, सुतारकामाचा भुसा मिळतो वखारीत, एक पोतं आणून ठेवा, ओल्या थराइतकाच सुका थर द्यायचा. प्लायवूडचा भुसा नको, साध्या लाकडाचा. आंबट ताक शिंपडा थोडं. आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ असते तेव्हाच चार पोती पाला भरून ठेवा. लोक तेव्हा तो कोपऱ्यात जाळतात आणि आपण जुलैत शोधत फिरतो.

अण्णा_पंचवटी | १० ऑगस्ट, सकाळी ८:३०

पाणी सोडलंय धरणातून. आत्ता घाटावर जाऊन आलो, दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर पाणी आहे. गर्दी नेहमीसारखी, सगळे मोबाईल काढून. माझं लक्ष दरवर्षी पूर ओसरल्यानंतर असतं. पाणी उतरलं की पुलाच्या कठड्याला, झाडांना, मारुतीच्या हाताला पण चिंध्या आणि प्लास्टिक लटकलेलं असतं. नदी तुमचं तुम्हाला परत आणून देते.

आणि हे सगळं इथे थांबत नाही. सायखेडा, चांदोरी करत नांदूरमध्यमेश्वरला जातं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ते, २०२० मध्ये घोषित झालं, हिवाळ्यात लांबलांबून पक्षी येतात. त्याच्याही पुढे पैठणला जायकवाडी, तिकडचे लोक पितात ते. आपलं निर्माल्य, आपला साबण, आपली उन्हाळ्यात माजणारी पाणवेली. पाणवेली काय आकाशातून पडत नाही, सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फेट खाऊन वाढते.

मेथीचीजुडी | १० ऑगस्ट, सकाळी १०:१०

अण्णा, तुमच्या पोस्टमुळे अपराधी वाटून आज मिसळ पार्सल आणताना पहिल्यांदा स्टीलचा डबा आणि रश्श्याला किटली घेऊन गेले. तो उकळता रस्सा पातळ पिशवीत ओतताना बघून दरवेळी कसंतरी व्हायचं पण सांगायला लाज वाटायची. काउंटरवरचा मुलगा आधी हसला, मग म्हणाला ताई किटली मोठी आहे, आणि भरून दिली. डब्यामुळे तर्री जास्त मिळते, हे गुपित इथेच ठेवा.

गोदाकाठची | २४ ऑगस्ट, सकाळी ११:३०

गणपतीचं बोलूया, आठवडाभरावर आलेत. घरची मूर्ती शाडूची असते, बादलीत विसर्जन, माती कुंडीत. सोसायटीची मूर्ती मात्र पीओपीची, मोठी, बुकिंग आधीच झालेलं. मी मीटिंगमध्ये विषय काढला तर एक काका म्हणाले, तुम्ही धर्माच्या मध्ये येताय. मी गप्प बसले. अजून राग येतोय, त्यांचा कमी आणि माझाच जास्त.

शंकेखोर | २४ ऑगस्ट, दुपारी १२:४५

शाडूला पण डोळे झाकून इको म्हणू नका. ही माती बरीचशी गुजरातेतून येते, खणून काढलेली, आपल्या नदीतली नाही. लाखो मूर्तींची माती दरवर्षी नदीत गेली तर तिथेही गाळच साचणार. बादलीतली माती कुंडीत घालण्यापेक्षा वाळवून ठेवा, मूर्तिकाराला परत द्या, ती परत वापरता येते. शाडू कुंडीत गेली की घट्ट बसते, पाणी मुरत नाही.

गोदाकाठची | २४ ऑगस्ट, दुपारी १:००

म्हणजे माझा मोगरा याच्यामुळे गेला तर 🤦‍♀️

सातपूर_शिफ्ट | २५ ऑगस्ट, सकाळी १०:००

पीओपी घेऊनच झाली असेल तर उपाय आहे. अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीवाले वापरतात तो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत काढली. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर पाण्यात कालवायची, मूर्ती बुडवायची, अधूनमधून ढवळायचं, छोटी मूर्ती दोनेक दिवसांत विरघळते. खाली कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूच बसतो, वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, ते भरपूर पातळ करून झाडांना चालतं. अमोनियाचा वास डोळ्याला झोंबतो, त्यामुळे उघड्यावर करा. रंग, फुलं, कापड आधी काढा. मोठ्या मूर्तीला हे जमत नाही, ती सरळ संकलन केंद्रावर द्या.

सोसायटीतल्या काकांशी भांडू नका. पुढच्या वर्षी जूनमध्येच, बुकिंगच्या आधी, वर्गणी गोळा करायचं काम तुम्ही अंगावर घ्या. ज्याच्या हातात पावतीपुस्तक त्याची मूर्ती. हे मी कंपनीच्या गणपतीत शिकलो.

अण्णा_पंचवटी | २५ ऑगस्ट, सकाळी १०:४०

पावतीपुस्तकाचं वाक्य फ्रेम करून ठेवा.

गोदाकाठची | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

दोन महिने गायब होते, दसरा-दिवाळी एकत्रच लिहिते. आपट्याच्या नावाने बाजारात कांचनाची पानं विकतात हे मला या वयात कळलं. आपट्याचं पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंद असतं. यंदा एकेक पान दिलं, ओरबाडलेल्या फांद्या आणल्या नाहीत. झेंडू दसऱ्याच्या पहाटे गणेशवाडीतून सुटा आणला, माळा घरी ओवल्या. नंतर पाकळ्या वाळवल्या, बी ठेवलंय.

फटाके मुलाने स्वतःहून कमी केले म्हणून सांगणार होते, पण शेजारच्या मुलांचे वाजवून आला, त्यामुळे हिशोब बरोबरीत सुटला. किल्ला मात्र मातीचा केला. विकतचा पीओपीचा नाही. प्रतापगडाच्या पायथ्याला प्लास्टिकचा डायनासोर पहारा देत होता.

गंपू_नाशिकरोड | ११ जानेवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, गंभीर आहे. आज पुलावरून येताना पुढच्या बाइकवाल्याच्या गळ्यात मांजा अडकला. थोडक्यात वाचला, मफलर होता म्हणून. मफलर कापला गेला. नायलॉन होता. बंदी आहे ना यावर?

सातपूर_शिफ्ट | ११ जानेवारी, रात्री ११:५५

२०१७ पासून देशभर बंदी आहे, हरित लवादाचीच. मिळतो तरी. नायलॉन तुटत नाही, कुजत नाही, संक्रांत संपली तरी झाडावर वर्षभर लटकत राहतो आणि घारी, घुबडं, वटवाघळं त्यात अडकून मरतात. आम्ही गल्लीतली पोरं संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काठीला आकडा लावून फिरतो, जेवढा निघेल तेवढा काढतो, गुंडाळी करून बारीक कापून मगच कचऱ्यात टाकतो. मागच्या वेळी एक गोणी भरली.

बाइकवर जाणाऱ्यांनी गळ्याला रुमाल बांधा, हँडलला तारेची कमान लावून घ्या.

येवलेकरीण | १२ जानेवारी, सकाळी ८:००

माहेर येवला. आमच्याकडे संक्रांत तीन दिवस असते, आसारी (मांजाची फिरकी) हातात घेतल्याशिवाय पोरगं चालायला शिकलं असं मानत नाहीत 😄 वडील अजून सुती दोरा घरी सुततात. त्यांचं म्हणणं, नायलॉन म्हणजे पतंग न येणाऱ्यांचा मांजा. ढील द्यायची कला लागत नाही, नुसता ओढला की समोरचा कापतो. आमच्या गल्लीत पोरांना बंदी सांगून फरक पडला नाही, पण 'तुला खेळता येत नाही म्हणून नायलॉन वापरतोस' म्हणलं की लगेच पडला. आणि पहाटे, संध्याकाळी उडवू नका, पक्षी तेव्हाच घरट्यातून निघतात नाहीतर परततात.

मेथीचीजुडी | २ फेब्रुवारी, सकाळी ११:००

द्राक्षं सुरू झाली. निफाडकर दादा, खरं सांगा, किती औषध असतं? मी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवते.

निफाडकर | ३ फेब्रुवारी, पहाटे ५:१५

खरं विचारलं तर खरं सांगतो. द्राक्ष फवारणीशिवाय येत नाही असंच धरा. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की डाउनी, भुरी हे रोग, थ्रिप्स ही कीड, एकापाठोपाठ एक चालू. एक अवकाळी आला की फवारणी वाढली. यंदा थंडीत पारा उतरला तेव्हा रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसलो होतो, मणी तडकू नयेत म्हणून. तो धूर पण तुमच्या हिशोबात धरा हवं तर.

एक्सपोर्टचा माल प्रयोगशाळेत तपासूनच जातो. २०१० साली सीसीसी या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला, लोक कर्जात गेले, तेव्हापासून आम्ही शेवटची फवारणी ते काढणी हे दिवस मोजायला शिकलो. लोकल बाजाराच्या मालाला तशी तपासणी प्रत्येक वेळी होत नाही. म्हणून घेताना शेतकऱ्याला विचारा, शेवटची फवारणी कधी झाली. जो तारीख सांगतो त्याच्याकडून घ्या.

मण्यावर पांढरी लव असते तिला औषध समजू नका, ती द्राक्षाची स्वतःची असते, उलट ताज्या मालाची खूण आहे. निळसर डाग दिसले तर ते बोर्डोचे, मोरचूद-चुन्याचे. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की वरवरचं जातं. आंतरप्रवाही औषध आत गेलेलं असतं, ते मिठाने काय आणि सोड्याने काय, निघत नाही.

आणि सगळ्यांना सुटसुटीत, लांब, काचेसारखा मणी हवा असतो. थोडा बारका, डागी मणी घेतला तर आमच्या दोन फवारण्या वाचतील. गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून आम्ही मारतो.

गोदाकाठची | ३ फेब्रुवारी, दुपारी १२:००

दादा, डागी माल पाठवा. आमच्या सोसायटीत दहा किलो माझ्याकडून नक्की. चव तीच ना?

निफाडकर | ३ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

गोड जास्त.

शंकेखोर | ८ मार्च, सकाळी ९:४५

रंगपंचमीचा लिटमस टेस्ट बाकी आहे. पर्यावरणवाले आता 'पाणी वाचवा, टिळा होळी' म्हणणार, आणि आपल्या नाशकात तर रहाडी उघडणार. काय भूमिका?

अण्णा_पंचवटी | ८ मार्च, सकाळी ११:२०

याची वाटच बघत होतो.

बाहेरच्यांसाठी सांगतो, रहाड म्हणजे जुन्या नाशकातले दगडी हौद, पेशवाईपासूनचे म्हणतात. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, त्यावरून गाड्या जातात, कोणाला पत्ता नसतो. रंगपंचमीला उघडायचे, पूजा करायची, रंगाचं पाणी भरायचं आणि वरून धप्पकन उडी. शनी चौकात आहे, दिल्ली दरवाजाला, तिवंधा चौकात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि मान ठरलेला. पूर्वी फुलं उकळून रंग काढायचे, उडी मारणाऱ्याला त्या रंगाचा वास दोन दिवस यायचा.

आता हिशोब करा. एक हौद भरला की त्याच पाण्यात दिवसभर अख्खं गाव उड्या मारतं. दुसरीकडे प्रत्येक सोसायटीत टँकर, शॉवर, डीजे, आणि दर माणशी पाईप. ज्याला पाणी वाचवायचंय त्याने रहाडीत यावं. फक्त तो रंग फुलांचाच राहिला पाहिजे, ऑइलपेंटवाले बाहेर.

गोदाकाठची | ८ मार्च, दुपारी १:३०

अण्णा, नाशकात जन्मून मी एकदाही रहाडीत उडी मारलेली नाही. लहानपणी मुलींना कोण नेतंय.

अण्णा_पंचवटी | ८ मार्च, दुपारी १:५०

हल्ली महिलांना वेगळी वेळ ठेवतात काही ठिकाणी. चौकशी करून सांगतो. जुने कपडे घाला, चष्मा काढून ठेवा.

मेथीचीजुडी | ८ मार्च, दुपारी २:००

मी पण! अण्णा, दोन नावं लिहा.

गोदाकाठची | १३ मार्च, रात्री ८:१०

उडी मारली. कान अजून केशरी आहेत. बाकी नंतर सविस्तर लिहिते.

सातपूर_शिफ्ट, पाच पोती पाला भरून झाला, वॉचमन काकांनी जाळायच्या आधी हाक मारली. आरओ शेवटी काढून भावाच्या घरी दिला, त्याच्याकडे बोअर आहे. एकतीस पिशव्यांपैकी वीस भाजीवाल्या मावशींना दिल्या, त्या गिऱ्हाईकाला देतात, चार परत माझ्याचकडे आल्या. सोसायटीचं पावतीपुस्तक जूनपासून माझ्याकडे, ठराव झाला, काकांनी अनुमोदन दिलं (पत्नीने कोपर मारल्यावर).

निफाडकर दादा, उन्हाळ कांदा कधी निघतोय? यावेळी आमच्या विंगमधून नऊ घरं आहेत.

निफाडकर | १४ मार्च, पहाटे ५:२०

अजून पंधरा-वीस दिवस. पात पडू द्या. नऊ घरं म्हणजे पिकअप भरून आणतो, गोण्या मात्र तुमच्या तुम्ही वर चढवा, मागच्या वेळी तिसऱ्या मजल्यावर नेताना कंबर गेली माझी.